चूक कुठे झाली ते आधी सांगा

छपाईत चुकलेल्या नोटा जमवायचा मला नाद आहे. माझ्याकडे शंभराची एक नोट आहे. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर बिमल जालान यांच्या सहीची, पाठीवर हिमालय असलेली. मिटलेली असते तेव्हा तिचा वरचा उजवा कोपरा तिरका छाटल्यासारखा दिसतो. कोपऱ्याची घडी हळूच उलगडली की आतून नोटेचा उरलेला कोपरा निघतो, आणि त्याच्याही पुढे, नोटेच्या चौकटीबाहेर, पांढऱ्या कागदाचा एक त्रिकोण. बाजारात या प्रकाराला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. नोटांच्या प्रदर्शनात बटरफ्लाय पुष्कळ दिसतात, त्यामुळे तेवढ्यानं कुणी हुरळून जात नाही. या नोटेची खरी गंमत तिच्या नंबरात आहे. नंबराचे पहिले अंक नोटेच्या तोंडावर जागच्या जागी आहेत. शेवटचे अंक तिथे नाहीतच. ते सापडतात पाठीवर, उलगडलेल्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला, तिरके पडलेले.

यातून काय कळतं? घडीखाली दबलेल्या जागेवरची बारीक रंगीत नक्षी पूर्ण आहे. गांधीजी ठीक आहेत. उठावाची, म्हणजे बोटाला खरखरीत लागणारी छपाईही कुठे तुटलेली नाही. फक्त नंबर तुटलाय. म्हणजे कागद रंगाच्या छपाईतून सरळ गेला, उठावाच्या छपाईतूनही सरळ गेला, आणि नंबर पडायच्या आधी कुठेतरी त्याचा कोपरा आत दुमडला. नंबर दुमडलेल्या कोपऱ्यावर पडला. मग तसाच दुमडलेला ताव, म्हणजे अनेक नोटा एकत्र छापलेला मोठा कागद, कापायला गेला, सुरी आली ती कोपऱ्याला न लागता बाहेरून गेली, म्हणून चौकटीबाहेरचा कागद शिल्लक राहिला. पांढरा त्रिकोण म्हणजे तावाची कड. तेव्हा ही नोट तावाच्या अगदी काठावरची, मधली नव्हे.

एवढं सगळं ती नोट स्वतःच सांगते. मला या नादात जे काही आवडतं ते एवढंच आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत रोखपाल होते. म्हणजे पाटी ‘रोखपाल’, आणि सगळे म्हणणार कॅशिअर मॅडम. मशीन यायच्या आधी नोटा हातानं मोजायचो. ज्यानं वर्षानुवर्षं हातानं नोटा मोजल्या आहेत त्याचं बोट डोळ्याच्या आधी थांबतं. कागद जाड लागला, कड पुढे आली, नोट अर्ध्या सुताने लांब लागली, की अंगठा अडतो. वरची शंभराची नोट अशीच एका सुपारीवाल्याच्या भरण्यात अडली. त्यांना ती खोटी वाटत होती आणि कुणी घेत नाही म्हणून भरण्याच्या मधोमध घातली होती. मी त्यांना म्हटलं, “काका, ही खरी आहे, घाबरू नका.” मॅनेजरसाहेबांना दाखवली, माझ्या पर्समधली शंभराची नोट गल्ल्यात टाकली आणि ही घेतली. संध्याकाळी कॅश टॅली झाली. आमच्या धंद्यात शेवटी तेवढंच बघतात.

शेजारच्या काउंटरवर एक जण होता, त्याच्याकडे अशी नोट आली की तो सरळ कात्री काढायचा. बाहेर आलेला कागद कापायचा आणि नोट चौकोनी करून गड्डीत लावायचा. मशीनमध्ये अडकते म्हणायचा. त्याचं चूक नव्हतं. देशभरातल्या किती बटरफ्लायचे पंख अशा कात्र्यांनी छाटले असतील!

आता थोडं प्रेसबद्दल. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की दुसरं काही नसतंच. तिथली माणसं नुसतं ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं. करन्सी नोट प्रेस तिथे 1928 साली सुरू झाला. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून बोटीनं यायच्या. 1932 पर्यंत हिंदुस्थानातल्या सगळ्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. आज चार ठिकाणी छपाई होते: नाशिक, मध्य प्रदेशात देवास, कर्नाटकात म्हैसूर आणि बंगालमध्ये सालबोनी.

नोट एका दमात छापली जात नाही. हे नीट कळल्याशिवाय चुकीच्या नोटा गोळा करण्यात अर्थ नाही. पहिला टप्पा कागदाचा. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा कागद बनतानाच त्यात जातात. प्रेसचा त्याच्याशी संबंध नाही. मग ताव छापखान्यात येतात. आधी दोन्ही बाजूंची फिकी रंगीत नक्षी ऑफसेटनं एकदमच छापतात. मग उठावाची छपाई, जिला इंटाग्लिओ म्हणतात: कोरलेल्या पत्र्यातली दाट शाई प्रचंड दाबानं कागदावर उठते, म्हणून गांधीजींवर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मग नंबर. मग कापणी, तपासणी, गड्डी. प्रत्येक टप्प्याची स्वतःची चूक असते आणि ती दुसऱ्या टप्प्यावर होऊच शकत नाही.

उदाहरणार्थ, पाठीवर उमटलेला उलटा ठसा. उठावाच्या यंत्रात कधी एखादा ताव आलाच नाही, तर पत्र्यावरची शाई कागदाऐवजी खालच्या दाबणाऱ्या रुळावर पडते. पुढचा ताव येतो, त्याचं तोंड नेहमीसारखं छापलं जातं आणि पाठीला रुळावरची शाई लागते. आरशात दिसावे तसे उलटे गांधीजी! त्याच्या पुढच्या तावावर जरा फिके, त्याच्या पुढच्यावर आणखी फिके. म्हणजे गडद उलट्या ठशाची नोट असेल, तर कुठेतरी तिच्या फिकट बहिणी असणार. माझ्याकडे पन्नासाची एक फिकट बहीण आहे. गडद मोठी बहीण पुण्याच्या एका प्रदर्शनात पाहिली, भाव ऐकला आणि तिथल्या तिथे वहिनींबरोबर मिसळ खायला गेले.

दोन नंबर न जुळणं हा माझ्या मते सगळ्यांत सुंदर प्रकार. नोटेवर नंबर दोनदा असतो. नंबर टाकणाऱ्या यंत्रात प्रत्येक अंकाचं छोटं चाक असतं. एका बाजूचं एक चाक अडकलं की डावीकडे एक नंबर, उजवीकडे दुसरा. बाकी नोट अगदी निर्दोष. सामान्य माणूस आयुष्यात कधी दोन्हीकडचे नंबर ताडून बघत नाही, म्हणून अशी नोट हजार हातांतून जाऊन फाटून मरते. मी मात्र अजून भाजीवाल्यानं दिलेली सुट्टी नोट आधी दोन्हीकडून वाचते. चिरंजीव लाजतात.

तर माझा नियम असा: विकणाऱ्यानं आधी सांगायचं, ही चूक कुठल्या टप्प्यावर झाली. सांगता आलं तर भाव बोलू. नाही तर राम राम. हा नियम भांडखोर वाटतो, आणि मंडईतल्या प्रदर्शनांत माझी ख्याती तशीच आहे. एक व्यापारी मला लांबून बघूनच “ताई आल्या, भिंग काढा” म्हणतो. पण या नियमानं खोट्याचा बराचसा कचरा बाहेरच राहतो.

कारण खोट्या चुका करणं सोपं आहे. नंबर नसलेली नोट हवी? रसायनानं नंबर पुसा. गांधीजी नसलेली हवी? तेच. पण शाई गेली तरी दाब जात नाही. कोरलेल्या पत्र्याच्या दाबानं कागद जिथे उचलला गेलाय, तो उंचवटा दिवा आडवा धरला की दिसतो. गांधीजी नसले तरी त्यांच्या चष्म्याचा उंचवटा कागदावर असेल, तर गांधीजी होते आणि कुणीतरी घालवलेत. दुसरी परीक्षा यूव्ही दिव्याची. नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंद, काळपटच राहतो; त्यात घरच्या वहीच्या कागदासारखी चमक घातलेली नसते. जिथे रसायन फिरलं तिथे बहुधा डाग वेगळा दिसतो. शिवाय गांधी मालिकेच्या नोटांचे नंबर चमकणाऱ्या शाईत असतात, त्यामुळे पुसलेल्या नंबराचं भूतही कधीकधी दिव्याखाली उगवतं. आणि चिकटवलेला बटरफ्लाय? त्याला घडीची एकच रेघ नसते, सांधा असतो. मागे दिवा धरला की दिसतो.

टप्प्यांचं हे गणित सगळ्यांत झकास दाखवणारी नोट भारतातली नाही, अमेरिकेतली आहे. 1996 मालिकेची वीस डॉलरची नोट, आणि तिच्यावर डेल माँटे केळ्याचं स्टिकर. चेहऱ्याची छपाई स्टिकरच्या खाली, सरकारी शिक्का आणि नंबर मात्र स्टिकरच्या वर छापलेले. म्हणजे चेहरा छापून झाल्यावर आणि शिक्का पडायच्या आधी, कारखान्यात कुणीतरी केळं खाल्लं. ती नोट जानेवारी 2021 मध्ये लिलावात 3,96,000 डॉलरला गेली. स्टिकर नंतर चिकटवलं असतं तर तिची किंमत वीस डॉलर.

आपल्याकडे चुकीच्या नोटांच्या ज्या मोठ्या बातम्या झाल्या, त्यांच्याकडेही मी अशीच बघते. जानेवारी 2016 मध्ये हजाराच्या काही नोटा सुरक्षा धाग्याशिवाय बाहेर आल्याचं उघड झालं, 5AG आणि 3AP या मालिकांतल्या. वर्तमानपत्रांनी ‘छपाईतली चूक’ म्हणून मथळे दिले. पण धागा छापत नाहीत, तो कागदातच असतो! म्हणजे मूळ चूक कागदाची. छापखान्याची चूक एवढीच की आलेला कागद बघितला नाही. मग नोव्हेंबर 2016. नव्या पाचशेच्या नोटा आल्या आणि लोकांनी दोन नोटा शेजारी ठेवून फोटो काढायला सुरुवात केली: एकीत गांधीजींच्या चेहऱ्याला जास्त सावली, दुसरीत कड सरकलेली. रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की घाईगर्दीत अशा काही नोटा बाहेर गेल्या असतील, खुशाल वापरा किंवा परत करा. त्या दिवसांत आम्ही काउंटरवर रात्री किती वाजेपर्यंत बसायचो ते विचारू नका. दोन नोटा शेजारी ठेवून बघायला फुरसत होती कुणाला. आणि जानेवारी 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून दोन हजारांच्या ज्या नोटा मिळाल्या, त्यांवर गांधीजीच नव्हते. शेतकऱ्यांना त्या खोट्या वाटल्या, त्यांनी परत केल्या, बँकेनं बदलून दिल्या. शेतकऱ्यांनी बरोबरच केलं. पण ती बातमी वाचून देशभरातल्या आमच्या जमातीनं केवढा सुस्कारा सोडला असेल!

हजाराच्या धागा नसलेल्या नोटेबद्दल मला अजून विचारणा होते, म्हणून कायद्याचं सांगून टाकते. 2017 च्या कायद्यानुसार बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा एकूण दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत; अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत. मोडलं तर दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतलं जे जास्त तेवढ्यापर्यंत दंड. तेव्हा “अख्खी गड्डी आहे, घेता का?” असा फोन आला की मी फोन ठेवते.

आणखी एक फोन येतो, तो जास्त वाईट वाटायला लावणारा. “आमच्याकडे ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आहे, इंटरनेटवर पाच लाख सांगतात.” किंवा नंबरात 786 असलेली. ट्रॅक्टरच्या नोटा आम्ही पोत्यांनी मोजल्यात. त्या चुकीच्याही नाहीत आणि दुर्मीळही नाहीत. मग कळतं की पाच लाख मिळायच्या आधी ‘नोंदणी फी’ भरून झालेली असते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी कसलीही फी घेत नाही. ते पत्रक मी फोनवरच वाचून दाखवते. तरी काही जणांना मीच त्यांचा माल स्वस्तात लाटायला बघतेय असं वाटतं.

चूक आणि दुर्मीळ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावणं अवघड जातं. 1975 साली पन्नासाची नोट आली, मागे संसद भवन. भवनावर ध्वजस्तंभ आहे आणि ध्वज नाही! पुढे कधीतरी चित्रात ध्वजही आला. बिनझेंड्याची पन्नास सांगायला छान गोष्ट आहे, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. पण तशा नोटा ढिगानं छापल्या गेल्या, त्यामुळे चांगल्या स्थितीतलीसुद्धा सामान्य माणसाला परवडते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तीच घ्यावी असं मी सांगते. ती चित्रातली उणीव आहे, यंत्रातली नव्हे, म्हणून माझ्या अल्बममध्ये तिची जागा शेवटच्या पानावर. आमच्यातले काही जण याच्यावरून माझ्याशी वाद घालतात. घालू देत.

यंत्रातल्या चुका मात्र घटत चालल्यात, आणि बाहेर येण्याचा त्यांचा रस्ताही बदललाय. पूर्वी शंभर नोटांच्या कोऱ्या गड्डीत नंबर सलग असायचे. एखादी नोट तपासणीत बाद झाली तर तिच्या जागी त्याच नंबराची नवी छापून लावत. केवढा व्याप! 2006 पासून दहा, वीस आणि पन्नासाच्या नोटांत स्टार मालिका आली, पुढे मोठ्या नोटांतही. बाद नोटेच्या जागी नंबरात तारा असलेली नोट. तारेवाली नोट बघून लोक खोटी म्हणून घाबरायचे, आणि मी काउंटरच्या पलीकडून तेच ते पुन्हा सांगायचे की ही उलट जास्त तपासलेली आहे. तारा म्हणजे कुठेतरी एक चुकलेली नोट पकडली गेली आणि फाडली गेली. मी ताऱ्याच्या नोटा जमवत नाही. मला न पकडली गेलेली हवी.

जुन्या नोटा बघताना नवशिक्यांना एक प्रश्न हमखास पडतो: एवढ्या करकरीत नोटेला डाव्या बाजूला भोकं का? पिना! गड्ड्यांना जाड पिना मारायची पद्धत होती. त्या उपटताना आमची नखं तुटायची, बोटातून रक्त यायचं आणि पहिल्या-शेवटच्या नोटेचा तुकडा पिनेबरोबर निघायचा. रिझर्व्ह बँकेनं 2001 साली बँकांना पिना बंद करायला सांगितलं, त्या दिवशी आमच्या शाखेत कुणी पेढे वाटले नाहीत याचंच मला आश्चर्य वाटतं. तेव्हा ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या तेलखोदाईच्या तराफ्याचं चित्र असलेली एक रुपयाची कोरी नोट भोकांसकट मिळाली तर नाक मुरडू नका. भोकं नसलेली मिळाली तर उत्तमच, पण भोकं बुजवून विकणारेही आहेत. तिथेही दिवा मागे धरा.

एक रुपयाच्या नोटांचं मला विशेष प्रेम आहे. ती रिझर्व्ह बँकेची नव्हेच, भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवाची सही. 1994 मध्ये छपाई बंद झाली, 2015 मध्ये पुन्हा आली. माझ्या संग्रहातल्या सगळ्यांत विचित्र चुका याच नोटेत आहेत: कागदाला छपाईआधी चुणी पडलेली आणि ती ओढून सरळ केली की मधून पांढरा पट्टा निघणारी एक, कापणी इतकी सरकलेली की शेजारच्या नोटेची कड दिसणारी दुसरी.

ठेवायचं कसं, हे शेवटचं. बाजारात स्वस्त मिळतात ती पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका. काही वर्षांनी ती चिकट होतात आणि नोटेला तेलकट करतात. पॉलिएस्टरची कडक, पारदर्शक पाकिटं घ्या. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका. इस्त्रीनं उठाव चपटा होतो आणि खरेपणाचा पुरावाच जातो. बटरफ्लायची घडी पुन्हापुन्हा उघडून दाखवू नका. मी शंभराच्या त्या नोटेचे दोन्ही स्थितींतले फोटो काढून ठेवलेत, पाहुण्यांना तेच दाखवते. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी आहे: कुठे मिळाली, किती दिले, चूक कुठल्या टप्प्यावरची. चिरंजिवांना उद्या हे विकावंसं वाटलं, तर व्यापाऱ्यापुढे निदान वाचून दाखवता येईल.

सध्या मी कोणार्कचं चाक असलेल्या वीसच्या नोटेच्या मागे आहे, दोन नंबर न जुळणाऱ्या. एका व्यापाऱ्याकडे आहे म्हणतो, फोटो पाठवलाय. डावीकडचा शेवटचा अंक सात, उजवीकडचा एक. सातावरची आडवी रेघ खरवडली की एक होतो, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. भिंग घेऊन पुढच्या आठवड्यात जाणार आहे.